न दुखणारे डोळ्यांचे आजार

(व्याख्यानाचा मजकूर)



‘डोळ्यांचे नेहमीचे आजार’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी सुचविले. आम्ही डोळ्यांचे डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नेत्रतपासणीची शिबिरे होतात. तेथे नावे नोंदवणे, रांग लावणे, तक्ता वाचून घेणे, आणि ज्यांना पुढे रुग्णालयात पाठविले ते खरोखर गेले की नाही हे घरी जाऊन विचारणे, हे काम आम्ही कार्यकर्ते करतो. या कामात जे शिकलो आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

आजच्या बोलण्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. डोळा दुखला की आपण धावतो. पण नजर नेणारे बहुतेक आजार दुखतच नाहीत. दात किडला तर तो रात्रभर झोपू देत नाही. डोळ्याचे तसे नाही. आतली नस सुकत जाते, पडद्यावर रक्त झिरपते, मुलाचा एक डोळा काम सोडून देतो, आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ‘काही त्रास नाही ना, मग कशाला दाखवायचे?’ हा जो आपला नेहमीचा हिशेब आहे, तो डोळ्याच्या बाबतीत चालत नाही.

जे दुखते ते आधी पाहू

डोळे येणे सर्वांना ठाऊक आहे. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये आळंदीच्या विद्यार्थ्यांत दिसून आलेली साथ पाहता पाहता राज्यभर पसरली. लोकलच्या डब्यात जिकडे पाहावे तिकडे काळे चष्मे दिसत होते. ही साथ विषाणूची होती. असे आलेले डोळे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत, स्वतःचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवावी, हात वारंवार साबणाने धुवावेत, एवढे पथ्य पुरते. आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते हातातून, रुमालातून, गाडीतल्या दांड्यातून पसरतात. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. मात्र नजर धूसर झाली, उजेड अजिबात सोसेना किंवा दुखणे वाढले, तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे.

दुसरा भाग कारखान्याचा. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, अंबरनाथ-बदलापूरचे कारखाने यांत आपली पुष्कळ मंडळी काम करतात. डोळ्यात ॲसिड, चुना किंवा कोणतेही रसायन उडाले तर डॉक्टर शोधण्याआधी नळ शोधावा. पापण्या उघड्या धरून निदान पंधरा ते तीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. पहिल्या काही मिनिटांत काय केले यावर तो डोळा राहणार की जाणार हे ठरते. वेल्डिंगची चमक लागली तर काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखे होते. ते एक-दोन दिवसांत बरे होते. बधिर करणारे थेंब घालून पुन्हा पुन्हा कामावर जाऊ नये, त्याने बुबुळावर जखम राहते. ग्राइंडिंगचा कण गेला तर शेजारच्या कामगाराकडून सुईने किंवा काडीने तो काढून घेऊ नये. आणि छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा बारीक तुकडा डोळ्याच्या आत शिरला तरी कधी कधी फारसे दुखत नाही. काही टोचल्यासारखे वाटले आणि मग थांबले, एवढ्यावर समाधान मानू नये.

डोंबिवलीच्या औद्योगिक भागात २६ मे २०१६ रोजी मोठा स्फोट झाला, तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटून माणसे जखमी झाली. २३ मे २०२४ रोजी तेथे पुन्हा स्फोट झाला. आपल्या वस्तीला लागूनच रसायने आहेत. म्हणून पाण्याने डोळा धुण्याची गोष्ट कामगाराइतकीच घरच्या बाईमाणसांना आणि मुलांनाही ठाऊक हवी.

आता जे दुखत नाही, त्याकडे वळू.

डोळा काम कसे करतो

शाळेच्या पुस्तकात आकृती असते ती आठवावी. समोर काचेसारखे पारदर्शक पारपटल, त्यामागे उजेडानुसार लहान-मोठी होणारी बाहुली, तिच्यामागे भिंग, आणि अगदी आत दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो. पडद्यावरचे चित्र नसेच्या वाटेने मेंदूपर्यंत जाते, तेव्हा आपल्याला दिसते. प्रकाशाचा नेम पडद्यावर नीट बसला नाही तर चष्म्याचा नंबर. भिंग गढूळ झाले तर मोतीबिंदू. नस दबून सुकत गेली तर काचबिंदू. साखरेने पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडल्या तर मधुमेहाचा नेत्रविकार. एवढे चार खण लक्षात ठेवले तरी डॉक्टर काय सांगतात ते समजते.

नजर मोजण्यासाठी अक्षरांचा जो तक्ता असतो तो स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. तो सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून वाचायचा असतो. ६/६ म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून दिसावे ते तुम्हालाही तेथूनच दिसते. ६/६० म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतो, ते तुम्हाला सहा मीटरवर आल्यावर कळते. वाचणे येत नसले तरी अडत नाही. उलटसुलट काढलेल्या ‘ई’ अक्षराचा तक्ता असतो, त्यात बोटांनी दिशा दाखवली की पुरे.

मुलांचे डोळे

ज्या मुलाला पहिल्यापासून धूसर दिसते, त्याला जग धूसरच आहे असे वाटते. ते तक्रार कशी करणार? फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ते शेजाऱ्याच्या वहीत पाहते, आणि बाई म्हणतात लक्ष नाही. टीव्हीजवळ जाऊन बसते, डोळे बारीक करून पाहते, पुस्तक नाकाला लावते, संध्याकाळी डोके दुखते म्हणते. या खुणा दिसल्या तर मुलाला रागावण्याआधी त्याची नजर तपासून घ्यावी.

याहून गंभीर गोष्ट आळशी डोळ्याची. एका डोळ्याला मोठा नंबर असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेणेच सोडून देतो. दुसरा डोळा उत्तम असल्याने मूल पळते, खेळते, वाचते. कोणालाही शंका येत नाही. सात-आठ वर्षांच्या आत हे ओळखले तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठराविक तास पट्टी, एवढ्यावर तो डोळा पुष्कळदा परत कामाला लागतो. वय उलटले की उपचाराचा गुण कमी होत जातो, आणि मोठेपणी कितीही भारी चष्मा दिला तरी फरक पडत नाही. तिरळ्या डोळ्याला ‘नशीबवान’ म्हणून गोंजारणारी माणसे आपल्यात आहेत. त्यात नशीब कसले? ते मूल एक डोळा गमावत असते.

याची परीक्षा घरी सोपी आहे. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे विचारा. मग दुसरा झाका. दोन्ही वेळा सारखेच सांगता आले पाहिजे. अगदी लहान मूल एक डोळा झाकला तर गप्प राहते आणि दुसरा झाकला की रडून हात ढकलते, तर समजावे की उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला कमी दिसते. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये, कारण तो जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्यातील कर्करोगही असू शकतो. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. घरी सोडताना डॉक्टरांना हे आवर्जून विचारावे. आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये. रातांधळेपणा आणि बुबुळावर पडणारे फूल टाळण्याचा तो स्वस्तातला उपाय आहे.

आपल्या जिल्ह्याचा येथे एक संबंध आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते स्वतंत्र जिल्हा झाले. अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत या कार्यक्रमाचे पथक येते, नजरही पाहते. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका. शिबिरात आम्हाला सर्वांत जास्त भेटते ते हेच : चिठ्ठी आहे, पण पुढे कोणी गेले नाही.

चष्म्याविषयी दोन गैरसमज. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे म्हणतात. ते खरे नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळाच लांबट होत जातो म्हणून नंबर वाढतो, चष्मा लावा अगर न लावा. मुलांनी रोज दिवसाच्या उजेडात, उघड्यावर खेळण्याने मात्र हा नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. म्हणून मोबाइल काढून घेण्याइतकेच मुलाला मैदानावर पाठवणे महत्त्वाचे. दुसरा गैरसमज मुलींविषयीचा. चष्मा लागला तर स्थळ यायचे नाही, या भीतीने मुलीला तपासणीलाच नेत नाहीत. तिचे शिक्षण अर्धवट राहिले तर चालते, नाकावर चष्मा दिसलेला चालत नाही, हे आपल्या समाजाला शोभणारे नाही.

रेल्वेची नोकरी आणि रंगांची नजर

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग मुद्दाम तुमच्यासाठी. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी मुंबईहून ठाण्याला आली. तेव्हापासून या पट्ट्यातील किती कुटुंबे रेल्वेवर उभी राहिली! कल्याणच्या लोको शेडमध्ये, स्टेशनात, लाइनीवर आपले वडील-आजोबा राबले. आजही तरुण मुले रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी वर्ष-दोन वर्षे अभ्यास करतात. परीक्षा पास होतात. आणि वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांचे पुस्तक समोर येते तेव्हा प्रथमच कळते, की आपल्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही.

हा रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो. डोळे एरवी ठणठणीत, नजर ६/६, दुखणे काहीच नाही. मुलगा सिग्नल, झेंडे, कच्चे-पिके टोमॅटो अंदाजाने आणि सवयीने ओळखतो. आजोबांकडून तो लेकीच्या वाटेने नातवाकडे येतो. लेकीला बहुतेक वेळा त्रास नसतो, पण तिच्या मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आईच्या वडिलांना किंवा मामाला असा दोष असेल, तर भाच्याची तपासणी आधीच करावी. रेल्वेने या गोष्टीची इतकी काळजी का घ्यावी, याला इतिहास आहे. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी निवडायला देऊन रेल्वे नोकरांची रंगदृष्टी तपासण्याची पद्धत सुरू केली. आज वापरतात ती ठिपक्यांची चाचणी जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली.

रेल्वेच्या जाहिरातीत प्रत्येक पदापुढे वैद्यकीय वर्ग छापलेला असतो : ए-वन, ए-टू, ए-थ्री, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. सहायक लोको पायलटसाठी ए-वन लागतो. त्यात दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ हवी आणि रंगदृष्टी निर्दोष हवी. लेझरने चष्म्याचा नंबर काढून घेतलेला उमेदवार या वर्गात बसत नाही. ‘आधी लेझर कर, मग लोको पायलट हो’ असा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नका. पैसे जातील आणि संधीही जाईल. उलट सी-वन आणि सी-टू वर्गात चष्मा चालतो आणि रंगदृष्टीची अट नसते. तेव्हा फॉर्म भरण्याआधी, शक्यतो दहावीतच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगांची चाचणी करून घ्या. काही मिनिटांचे काम आहे. ज्या दारातून आत जाता येणार नाही ते आधी कळले, तर दुसऱ्या दारासाठी वेळ राहतो.

रंगांधळेपणावर औषध नाही. जाहिरातीतले रंगीत चष्मे तो बरा करीत नाहीत. पण तो असला म्हणजे आयुष्य संपले असेही नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने एका उमेदवाराला याच कारणाने प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रंगांधळ्या विद्यार्थ्यांना तेथील सर्व अभ्यासक्रमांचे दार खुले करण्यास सांगितले. शिक्षक, वकील, हिशेबनीस अशी कितीतरी कामे आहेत, तेथे हा दोष आड येत नाही.

चाळिशी : एक संधी

आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, आणि ते नाव अगदी अचूक आहे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास भिंगाची लवचीकता कमी होते. वर्तमानपत्र लांब धरावे लागते, सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दिसत नाही. हा आजार नाही, वयाची गोष्ट आहे. बहुतेक जण स्टेशनबाहेर तयार चष्मा घेतात आणि काम भागते.

पण आमचे सांगणे असे, की चाळिशी लागणे ही निसर्गाने दिलेली आठवण आहे. तो चष्मा घेताना डोळ्याचा दाब आणि मागची नस व पडदा तपासून घ्यावा. दुकानात मशीनवर नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे नव्हे. नंबर काढणारा भिंग देतो. बाहुली मोठी करून पडदा पाहणे हे नेत्रतज्ज्ञाचे काम आहे.

याचे पहिले कारण काचबिंदू. नावात मोतीबिंदूचा भाऊ वाटतो, पण स्वभाव अगदी वेगळा. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि बारीक जाळीतून निघून जाते. मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचते, तसे झाले की आतला दाब वाढतो आणि नस हळूहळू सुकते. काही जणांत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस सुकते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते. आधी कडेची नजर जाते. समोरचे स्पष्ट दिसत असते, त्यामुळे वर्षानुवर्षे समजत नाही. माणूस पुलावरच्या गर्दीत बाजूच्याला धडकतो, जिन्याची पायरी चुकतो, आणि म्हणतो वय झाले. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. उरलेली तेवढी थेंब घालून, कधी लेझर किंवा शस्त्रक्रिया करून राखता येते. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर घरातील प्रत्येकाने चाळिशीनंतर दरवर्षी तपासून घ्यावे. थेंब सुरू असतील तर ते ‘आता बरे दिसते’ म्हणून बंद करू नयेत. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. एका प्रकारच्या काचबिंदूत मात्र डोळा एकदम प्रचंड दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. ते पित्त समजून घरी बसू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

येथेच एक धोक्याची सूचना. डोळ्यांना खाज सुटली, लाली आली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंबाची बाटली आणतात. तिच्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत आराम वाटतो, म्हणून महिनोन् महिने तीच बाटली चालते. अशा थेंबांनी दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि तो शाळकरी मुलांनासुद्धा होतो. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ, हेही नको.

दुसरे कारण साखर. मधुमेहाने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, बंद पडतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात. सुरुवातीला नजर ६/६ असते. एक दिवस डोळ्यात रक्त उतरते, काळे जाळे फिरू लागते, तेव्हा उशीर झालेला असतो. मोठ्या वयात मधुमेह निघाला तर त्याच वेळी पडद्याची पहिली तपासणी आणि पुढे दरवर्षी एक, हा नियम आहे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि वेळेवर लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शन घेणे, यांनी बहुतेकांची नजर वाचते.

बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजरही त्यांना दगा देत होती, हे आपण सर्व जाणतो. अशा प्रकृतीत त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. लेझरचा शोधच मुळी १९६० साली लागला. जे उपचार त्यांच्या काळात अस्तित्वात नव्हते, ते आज आपल्या लोकलच्या पासाच्या अंतरावर आहेत. असे असताना साखरेचा कागद कपाटात आणि डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात, असे चालावे काय?

मोतीबिंदू : पिकण्याची वाट कशाला?

मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणे. हाही दुखत नाही. देशाच्या २०१५ ते २०१९ च्या पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व उपचार न केलेल्या मोतीबिंदूचे आढळले. म्हणजे परत येऊ शकणारी नजर लोक घरात बसून गमावत आहेत. कधी आजी एकाएकी चष्म्याशिवाय वाचू लागते आणि घरात आनंद होतो. पण ती नजर परत आलेली नसते. भिंग बदलू लागल्याची ती खूण असते.

‘पिकल्यावर काढू’ हे जुन्या काळचे बोल. तेव्हा संपूर्ण भिंग काढून जाड काचांचा चष्मा देत. लंडनचे डॉ. रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. युद्धात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. १९९४ साली जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. पुढे भिंगाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांतही रुळली. लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांतून असंख्य गरिबांचे मोतीबिंदू काढले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकू दिला तर ती अवघड होते आणि दाबही वाढू शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पुन्हा धूसर वाटले तर घाबरू नये. भिंगामागच्या पापुद्र्यावर जाळी येते, ती लेझरने थोड्या वेळात साफ होते.

खाड्याचा हिशेब

आम्ही घरी जाऊन विचारतो तेव्हा बहुतेक जण ‘पैसे नाहीत’ असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘सोबत यायला कोणी नाही’, ‘खाडा पडतो’. हे खरे आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास वाचता येत नाही, उजेड सोसत नाही, सोबत माणूस लागतो. म्हणजे एका तपासणीला दोन जणांचा रोज बुडतो. त्यातून घरकाम करणाऱ्या बाईचा नंबर तर सर्वांत शेवटी लागतो. नवऱ्याचे झाले, सासूचे झाले, मुलांचे झाले, मग तिचे. म्हणून हा प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही, आपल्या संघटनेचा आहे.

मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, सभागृहाच्या भिंतीवर नजरेचा तक्ता लावावा आणि सहा मीटरवर जमिनीवर रेघ मारावी. रविवारी दोन विद्यार्थ्यांनी बसून येणाऱ्या मुलांचा एकेक डोळा झाकून वाचून घ्यावे. यातून निदान होणार नाही, पण कोणाला पाठवायचे ते कळेल. दुसरी, मधुमेह असलेल्या आणि घरात काचबिंदू असलेल्या सभासदांची एक वही ठेवावी, आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला तारखेची आठवण द्यावी. तिसरी, सोबत जाणाऱ्या तरुणांची पाळी लावावी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, भायखळ्याला जे. जे. आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळ आधी विचारून, जुने कागद व वापरात असलेली थेंबाची बाटली सोबत घेऊन, चार-पाच जणांना एकत्र नेले तर दोघांचा खाडा पाचांना पुरतो.

मित्रहो, डोळा ओरडत नाही. त्याचे दुखणे त्याच्या आधी आपणच ओळखले पाहिजे. ही स्मरणिका घरी नेल्यावर हा लेख वाचताना एक डोळा हाताने झाका आणि चार ओळी वाचा. मग दुसरा झाका. दोन्हींत फरक वाटला तर उद्याची सकाळ त्यासाठी राखून ठेवा.